गेटवरची बारा अक्षरं

आमच्या इमारतीत लिफ्ट 'बंद' असली की लोक निर्धास्त आत शिरतात, आणि 'चालू' असली की मुकाट्याने जिना धरतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो. आम्हाला मात्र पहिल्या दीड-दोन महिन्यांत सवय झाली. लिफ्टचं, पाण्याचं, गेटवर कोण आलंय त्याचं, सगळं काही फोनवरच्या ॲपमध्ये येतं, मराठीत येतं, आणि त्यातलं बरंचसं मराठी खऱ्या गोष्टीच्या बरोबर उलट असतं. हे कुणी करून ठेवलंय, यावर इमारतीत पुष्कळ चर्चा झाल्या. शिव्याही झाल्या. त्या प्रत्येक वेळी मी तिथे हजर होतो आणि मान हलवत होतो.

ते मीच केलं होतं.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. गिरगावातल्या एका छापखान्यात वीस वर्षं प्रुफं तपासली. तिथे दिवसभर तोंड उघडायची गरज पडत नसे. चूक दिसली की समासात खूण करायची, संपलं. छापखाना बंद पडल्यावर घरी बसून भाषांतराची कामं घ्यायला लागलो. एका एजन्सीकडून संगणकाच्या कामांचे तक्ते यायचे. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामी जागा, आणि तिसऱ्या रकान्यात एक आकडा. तो आकडा म्हणजे मराठी जास्तीत जास्त किती अक्षरांत बसलं पाहिजे त्याची हद्द. त्यापुढे गेलात की तक्त्यातलं ते घर लाल. हद्दीत बसलात की हिरवं. आणि संगणकाची अक्षरं मोजायची रीतही अशी, की काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी, दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा वेगळी. वीस वर्षं छापखान्यात काढून मी अक्षर म्हणजे काय ते नव्याने शिकलो.

हे शब्द कुठे दिसणार, कुणाला दिसणार, ते कधीच सांगत नसत. सुरुवातीला मी एकदा एजन्सीच्या बाईंना फोन करून विचारलं.

"मॅडम, इथे नुसतं 'ॲक्टिव्ह' आहे. काय ॲक्टिव्ह?"

"सर, ते आम्हालाही दाखवत नाहीत. तुम्ही फक्त मराठी करा."

मी फक्त मराठी केलं. 'ॲक्टिव्ह' म्हणजे चालू. त्याच्याखाली 'क्लोज्ड' होतं, म्हणजे बंद. दोन्ही घरं हिरवी झाली आणि मी चहा प्यायला उठलो. ते शब्द तक्रारीबद्दल होते. लिफ्टची तक्रार चालू, लिफ्टची तक्रार बंद. पण 'तक्रार' हा शब्द स्क्रीनवर कुठेच येणार नव्हता, फक्त 'लिफ्ट' येणार होतं आणि त्याच्यापुढे माझा शब्द. म्हणून लिफ्ट बिघडून कुणी तक्रार नोंदवली, की इमारतभर सगळ्यांच्या फोनवर झळकतं: लिफ्ट – चालू. दुरुस्त करून माणूस गेला, की: लिफ्ट – बंद.

अर्थात हे मला तेव्हा कळलं नाही. तक्ता पाठवून दिला, विसरलो. मग आमची लालबागची चाळ पडली, आम्ही तीन वर्षं भाड्याच्या घरात काढली, आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत दाराला कडी फक्त झोपताना लागायची. कुणाकडे जायचं तर 'आहात का?' म्हणत डोकं आत घालायचं. आता गेट आलं, वॉचमन आला, आणि वॉचमनच्या हातात फोन आला. पाहुणा आला की वॉचमन त्याचं नाव टाकणार, आपल्या फोनवर विचारणा येणार, आपण हिरवं बटण दाबायचं, मग पाहुणा आत. सेक्रेटरींनी ॲप कसं वापरायचं ते सगळ्यांना दाखवलं, मीही आपला फोन उघडला, आणि पहिल्याच पानावर वाचलं: 'तूर्तास टाकी भरलेली नाही.'

आपलंच मूल दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसावं तसं झालं. हे वाक्य माझं होतं. मी खाली सरकत गेलो. सगळं माझं होतं.

तेव्हाच हात वर करून बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तोवर लिफ्टचा घोळ सुरू झाला होता. पहिल्या मीटिंगला तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सगळे बसले होते. सेक्रेटरी ॲपमधली एकेक ओळ नाटकातल्यासारखी वाचत होते आणि खुर्च्या हसून हलत होत्या.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हो हे?" सहाव्या मजल्यावरचा एक जण म्हणाला.

"माणसाने नाही लिहिलेलं," सेक्रेटरी म्हणाले. "मशीन आहे ते. मशीन करतं हल्ली भाषांतर."

गाढव म्हटलेलं मी गिळलं. मशीन म्हटलेलं मात्र लागलं. आणि तरी मी काय केलं असेल? मी, जो मीटिंगमध्ये कधी बोलत नाही तो मी, मोठ्याने म्हणालो, "मराठीची पर्वाच राहिलेली नाही कुणाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला फार पुढे लागला.

इथपर्यंतची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती, आणि मी नेलीही. यापुढची चौथ्या मजल्यावरच्या काकींची आहे.

काकी चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत. माझ्या आईच्या बरोबरीच्या नव्हेत, थोड्या लहान, पण मला लहानपणी त्यांनी आईपेक्षा जास्त रागावलंय. नवरा गिरणीत होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा पुण्याला. काकी एकट्या राहतात, आणि त्यांना सख्खं असं माहेरचं एकच माणूस उरलंय, धाकटा भाऊ, कोकणात गावी.

त्या भावाशी त्या चार वर्षं बोलत नव्हत्या. घराच्या मागे विहिरीजवळ आईने लावलेला फणस होता. काकी गणपतीला गावी गेल्या, मागीलदारी पाय धुवायला गेल्या, तर फणसाच्या जागी नुसतं खोड. भावाने न विचारता तोडला होता. काकी त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. गौरी यायच्याही आधी पिशवी उचलून मुंबईला परत आल्या, आणि त्यानंतर गणपतीला गावी गेल्या नाहीत. आता आमच्या लालबागेत गणपतीचे दहा-अकरा दिवस म्हणजे काय असतं, ते सांगायला नको. अख्खं जग आमच्या दाराशी दर्शनाला येतं आणि आम्हाला दूध आणायला बाहेर पडता येत नाही. त्या गर्दीकडे खिडकीतून बघत काकी एकदा मला म्हणाल्या होत्या, "एवढी माणसं खंयखंयसून येतात रे. आणि माका माझ्या घरच्या गणपतीक जाऊक होणा नाय."

मी म्हणालो होतो, "जा ना मग."

"मी का जाऊ? त्याने बोलवायला यायला हवं. तो येऊन 'चल' म्हणाला तर उभ्या उभ्या जाईन."

एवढंच होतं त्यांचं मागणं. तो यायला हवा.

तो आला. श्रावणातली दुपार होती. मी मसाला कुटून घेऊन घरी येत होतो. गेटवर वॉचमनने मला थांबवलं. वॉचमन आमचा साताऱ्याकडचा, पन्नाशी उलटलेला, शब्दाला शब्द जपणारा माणूस.

"साहेब, चौथ्या मजल्याच्या काकींचं पार्सल आहे. वर चाललाच आहात तर न्या."

गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं काहीतरी चपटं आणि जड होतं. लिफ्ट 'बंद' होती, त्यामुळे मजेत गेलो. काकींनी दारातच सुतळी तोडली. आत पाट होता. गणपती बसवायला करतात तसा, कडेला साधी नक्षी, पिवळाधमक. काकी खाली बसल्या. त्यांनी पाटाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक काळं भोक होतं.

"बापाने कंदील टांगायला खिळा ठोकला होता फणसाला," त्या म्हणाल्या. "त्याचं भोक हे."

मग एकदम मान वर केली. "कोणी आणला?"

"पार्सल आहे, असं म्हणाला वॉचमन."

"ॲपवर बघ काय ते. फोन कपाटात आहे, निळ्या साडीच्या घडीत."

फोन सारखा कुरकुरतो म्हणून त्या तो साडीच्या घडीत ठेवत. मी काढला. स्क्रीनवर त्यांच्या भावाचं नाव होतं, दीड तासापूर्वीची वेळ होती, आणि खाली लाल पट्टीवर माझी बारा अक्षरं होती: 'परवानगी नाही'.

ही बारा अक्षरं मला चांगली आठवत होती. तक्त्यात त्या घरात इंग्रजीत एवढंच म्हटलं होतं की उत्तर यायचं आहे. हद्द चौदा. मी आधी लिहिलं, 'उत्तराची वाट पाहत आहोत'. लाल. मग लिहिलं, 'अजून परवानगी नाही'. सतरा झाली. लाल. जेवायची वेळ झाली होती. बायको दोनदा हाक मारून गेली होती. मी 'अजून' पुसलं. बारा. हिरवं. मनाशी म्हणालोसुद्धा, यात खोटं काय आहे? परवानगी नाहीच आहे, यायची आहे.

"काय लिहिलंय?" काकींनी विचारलं. "माझा चष्मा त्या खोलीत राहिला."

आणि मी म्हणालो, "पाहुणे येऊन गेले, एवढंच आहे."

एवढं वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. तक्त्यात इतकं चटकन मला काही सुचलं नव्हतं.

काकींचा चेहरा बघता बघता बदलला. "येऊन गेला? गेटापर्यंत आला आणि वर आला नाही? चार जिने चढायचे होते का त्याला, लिफ्ट आहे ना? पार्सल टाकून गेला! भाऊ आहे की कुरियर आहे मेलो?"

मी फोन पुन्हा साडीच्या घडीत ठेवला.

खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मी नाव टाकलं. ते उभे राहिले. मग स्क्रीन दाखवली त्यांना. आपण आपल्या मनाचं काही सांगत नाही, स्क्रीनवर येतं तेच दाखवतो. वाचता येत होतं त्यांना. दोनदा वाचलं. म्हणाले, 'बरा.' बाहेर टेम्पो उभा होता, तो हॉर्न मारत होता. जाताना म्हणाले, हे चौथ्या मजल्यावर द्या."

"इंटरकॉम?"

"इंटरकॉमच्या तारा आहेत साहेब भिंतीत. डबा यायचाय."

म्हणजे बहिणीला वाटलं, भाऊ दारातून परत गेला. भावाला वाटलं, बहिणीने दारातून परतवून लावलं. आणि मधे कुणीच नाही, फक्त एक लाल पट्टी.

अकरा दिवस मी गप्प होतो. कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. आधी मूळ चूक दुरुस्त करू, मग सांगू, हे त्यातलं सगळ्यात सभ्य कारण. ॲपमध्येच तक्रारीची सोय होती. मी सविस्तर लिहिलं, अमुक ओळ चुकीची आहे, तिच्यामुळे माणसं परत जातात. क्षणात उत्तर आलं: 'आपली तक्रार – चालू'. हेही माझंच. चार दिवसांनी पुन्हा बघितलं: 'आपली तक्रार – बंद'. आमच्या लिफ्टच्या हिशेबाने याचा अर्थ दुरुस्ती झाली असा व्हायला हवा होता. मी खाली जाऊन वॉचमनचा फोन बघितला. 'परवानगी नाही' जागच्या जागी होतं. माझ्याच शब्दांनी मला गंडवलं होतं, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही कळत नव्हतं.

रोज संध्याकाळी काकींकडे चक्कर मारायचो. त्या पाटाला खोबरेल तेल लावत बसलेल्या असायच्या आणि भावाला शिव्या देत असायच्या. दोन्ही एकाच वेळी. तेल लावणारा हात मायेचा आणि तोंड असं. मला वाटे, बघावं, कदाचित आपोआप निवळेल. माझ्यासारख्या माणसांना हे नेहमीच वाटतं.

अकराव्या दिवशी काकींनी मला कागद-पेन घेऊन बोलावलं.

"बस. लिही. वाडीतल्या एकाची गाडी रविवारी गावी चाललीय गणपतीला. तिच्यातून पाट परत पाठवते. सोबत चिठ्ठी. माझं अक्षर कोंबडीचं आहे, आणि तुझं मराठी चांगलं."

तुझं मराठी चांगलं, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मी पेनाचं टोपण काढलं.

"लिही. 'तुझा पाट तुला परत. तुझा गणपती तुला लखलाभ. माझ्यासाठी ते घर...'" त्या थांबल्या. "पुढचं जरा नीट शब्दांत लिही. की मी त्या घरात आता कधी येणार नाही. मेल्यावरपण. पण सभ्य भाषेत."

मी कागदाकडे बघत राहिलो. हे वाक्य मला लिहिता आलं असतं. छान लिहिता आलं असतं, तेच वाईट. आणि एकदा ते गावी पोचलं असतं की कुठलीही तक्रार नोंदवून ते परत आलं नसतं.

"काकी, ही चिठ्ठी मी लिहिणार नाही."

"का? हाताला काय झालं?"

"तो स्वतःहून गेला नाही. त्याला गेटवर दाखवलं की तुम्ही परवानगी दिली नाही."

"मी? मला कोणी विचारलं?"

"फोनवर विचारलं होतं. फोन साडीत होता. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत. पण स्क्रीनवर आलं, 'परवानगी नाही'. त्याने दोनदा वाचलं आणि गेला. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

काकींचा तेलाचा हात थांबला. "असं कसं लिहितात रे? घरात माणूस आहे, न्हाणीत आहे की झोपलाय, कळायच्या आधीच 'नाही' लिहून मोकळे? कोण मेलो लिहितो हे?"

"मी."

"काय मी?"

"मी लिहिलंय. सगळं ॲप मी मराठी केलंय. लिफ्टपण."

मी घाईघाईने तक्ता, हद्द, लाल घर, हिरवं घर, काना वेगळा आणि वेलांटी वेगळी, सगळं सांगून टाकलं. आयुष्यात एका दमात मी एवढं कधी बोललो नसेन.

"म्हणजे जागा नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"किती होती?"

"चौदा अक्षरांची."

"मग 'जरा थांबा' लिहायचंस की!"

मी बोटांवर मोजलं. काने धरून, अनुस्वार धरून, मधली मोकळी जागा धरून. मग पुन्हा मोजलं.

"किती झाली?" काकींनी विचारलं.

"नऊ."

"बघ. वर पाच उरली. त्यात 'बसा'पण मावलं असतं."

इतकी वर्षं शब्दांत काढून मला जे सुचलं नाही ते त्यांनी पाटाला तेल लावता लावता सांगितलं. आणि खरं सांगायचं तर हद्दीवर ढकलायची माझी शेवटची सोयही त्यांनी काढून घेतली. जागा होती. मला जेवायची घाई होती.

"लाव त्याला फोन," काकी म्हणाल्या.

"तुम्ही बोलता ना?"

"मी कशाला? मी लिहिलं होतं? तू लाव. नंबर घे." आणि कुठेही न बघता त्यांनी दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले. चार वर्षं एकदाही न लावलेला नंबर.

स्पीकर चालू करून मी फोन पाटावर ठेवला. मी लालबागहून, तुमच्या बहिणीच्या इमारतीतला, एवढं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला: "ती बरी आसा मां?"

"बऱ्या आहेत."

"मग कित्याक फोन?"

सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जरा कमी लांबण लागली.

"म्हणजे तिना नाय म्हणूक नाय?"

"नाही. त्यांना कळलंच नव्हतं तुम्ही आलाय ते."

"आणि ह्या लिवलला कोणी?"

"मी."

मग अगदी शांत आवाजात, "तुमका मराठी येता मां?"

काकींना हसू आवरलं नाही. पदर तोंडाला लावला तरी ते फोनमध्ये गेलंच.

"ती थंयच आसा?"

"इथेच आहेत."

"तिका सांगा, मी बोलवक इल्लंय. गणपतीक चल म्हणाक."

"त्याला सांग," काकी मला म्हणाल्या, फोनपासून वीतभर अंतरावरून, "बोलवायला आला होतास, आणि फणस तोडताना कोणाला विचारलं होतंस?"

"तिका सांगा, फणस घरार पडत होतो. दोन कौलां फुटली. तुका विचारूक फोन केल्लंय, तू गिरणीतल्या बाईच्या नातवाच्या बारश्यात होतंस, म्हणालंस मागसून कर."

"त्याला सांग, मागसून म्हणजे तोडून झाल्यावर नव्हे!"

असं पंधरा मिनिटं चाललं. मी 'त्याला' आणि 'तिका'च्या मधे बसून होतो. कुणालाही काही सांगायची गरज नव्हती, दोघं एकमेकांना लख्ख ऐकत होते, पण मधे माणूस असल्याशिवाय त्यांना बोलता येत नव्हतं. तो माणूस मी असावा हे ठीकच होतं. शेवटी भाऊ म्हणाला, "तिका सांगा, शनवारी येतंय. तयार ऱ्हव म्हणा. पण ह्या खेपेक मी गेटार उभो ऱ्हवचंय नाय."

काकींनी फोन बंद केला आणि चिठ्ठीचा कागद माझ्या हातातून घेऊन चार घड्या घालून पाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. काकींना मी कुणाला सांगू नका असं म्हणालो नव्हतो, आणि म्हणालो असतो तरी उपयोग नव्हता. सेक्रेटरी वर आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं आता होणार. ते म्हणाले, "म्हणजे मशीन नव्हतं!" आणि इतके हसले की खुर्चीला धरून उभे राहिले. मग शिक्षा सुनावली. गेटवर पाटी मी लिहायची, स्वहस्ते, आणि लिफ्टची खरी हकीकत रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहायची. दुरुस्ती होईस्तोवर.

रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, "तुला आधी सांगायला हवं होतं."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"'तूर्तास'. अहो, तुमच्याशिवाय आता कोण म्हणतं तूर्तास?" आणि आमटी वाढून पुढे म्हणाली, "मी वाट बघत होते, कधी बोलताय."

शनिवारी सकाळी फळ्यावर मी लिहिलं: लिफ्ट नादुरुस्त आहे. ॲपवर अर्थात 'चालू' होती. दहाच्या सुमाराला टेम्पो आला. काकींचा भाऊ उतरला, बारीक चणीचा, पांढरी टोपी, पाठोपाठ टेम्पोवाल्याने एक पोतं उतरवून ठेवलं. वॉचमनने नियमाप्रमाणे नाव टाकलं आणि नियमाप्रमाणे स्क्रीन दाखवली. त्यांनी ती वाचली. मग केबिनच्या काचेवरची माझी पाटी वाचली: 'स्क्रीनवर काहीही येवो, जरा थांबा. बसा.' दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसले.

वर काकींच्या फोनवर विचारणा गेली असणार. बटण त्यांनी दाबलं नाही. जिन्यात चपला वाजल्या. कठड्याला धरून, प्रत्येक मजल्याला एकदा थांबून, काकी चार मजले उतरून स्वतः गेटवर आल्या. भाऊ उठून उभा राहिला. दोघांनी एकमेकांच्या आधी केसांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"पाटाचो एक पाय लहान केलंस," काकी म्हणाल्या. "डुगडुगता."

"तुझी फरशी वाकडी आसतली."

"नवीन इमारत आहे!"

"म्हणानच वाकडी."

काकी हसल्या नाहीत. डोळे पुसले, तेही घाम पुसल्यासारखे. मग म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय मी कुठे येत नाही. वर चल." भावाने पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्योच काय तो?"

"हाच," काकी म्हणाल्या.

भावाने हनुवटीने पोतं दाखवलं. मी ते उचललं. नारळ होते, आणि खाली बहुतेक तांदूळ. बहीण-भाऊ पुढे, फणसाच्या लाकडाचं बाकी काय काय केलं यावर भांडत. मी मागे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मला पोतं खाली ठेवावं लागलं. दम लागला होता, खिशात फोन कुरकुरत होता: लिफ्ट – चालू.

वरून कठड्यावरून पांढरी टोपी डोकावली.

"काय ओ, येतास? की परवानगी व्हयी?"